नळीतला तिसरा मासा

अब्बासभाई,

गुरुवारी दुपारी युसुफचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये स्लाइडवर नंबर घालत होते. "मेधाताय, चाचा गेले," एवढंच तो म्हणाला. नऊ वर्षं तुमच्याबरोबर एका खोलीत राहिलेला माणूस तो. मी फोन ठेवला आणि एक लांबलचक सुस्कारा सोडला. इतका मोठा की शेजारच्या टेबलावरच्या केरळच्या बिंदूने मान वर करून विचारलं, "गुड न्यूज?"

तिला काय सांगणार? रडू आलं, पण ते रात्री, भाजी चिरताना. आधी आला तो सुस्काराच. तुमच्याशी खोटं बोलायची माझी सवय मोडली आहे, म्हणून हेही सांगून टाकते.

एक तर तुमचं दुखणं थांबलं. शेवटच्या पंधरवड्यात कुशीवर वळायचं झालं तरी तुम्ही आधी डोळे मिटून घ्यायचात, ते बघवत नव्हतं. दुसरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. तुम्ही हिवाळ्याआधी गेला असतात, तर मी आज हे लिहायला बसले नसते. लिहायला तोंडच उरलं नसतं.

आपली पहिली भेट आठवते? सुलैबिखातच्या किनाऱ्यावर, ओहोटीच्या वेळी. तुम्ही ओहोटी म्हणत नव्हता, सुकती म्हणायचात. मी माझ्या इराला आणि तिच्या दोन मैत्रिणींना चिखलातले मासे दाखवायला आणलं होतं. एक मासा शेपटीवर उसळला, पाठीचा पंख फुलवून हवेत उडाला आणि थपकन चिखलात पडला. पुन्हा उडाला. मी मुलींना सांगत होते की हा नर आहे, लांबवरच्या मादीला दिसावं म्हणून ही सगळी खटपट, उडी जिच्या मनात भरेल ती त्याच्या बिळात जाईल. त्याला लैंगिक निवड म्हणतात, मादी निवडते आणि पिढ्यान्‌पिढ्या नर तसे घडत जातात. इरा "ओके, ओके" करत होती. तेवढ्यात मागून आवाज आला, "ताय, ही तर निवटी. आमच्याकडे हिचा कालवण करतात."

वळून बघितलं तर पांढरी दाढी, गुडघ्यापर्यंत दुमडलेला पायजमा, हातात चपला. श्रीवर्धनकडचा माणूस, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एका कंत्राटदाराकडे पाइप फिटर. कुवेतच्या चिखलात उभं राहून कोणी मराठीत निवटी म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही बराच वेळ त्या उड्या बघत राहिलात. मग म्हणालात, "लहानपणापासून ही उडी बगतोय. बायलीला दाखवायला मारते हे ठाऊक नव्हता. आमी खाल्ली, पण बगितली नाय."

बघायला तुम्ही त्यानंतर सुरुवात केलीत आणि मग थांबलातच नाहीत.

अबू हलीफाच्या दगडांमधल्या डबक्यांतून तुम्ही डब्याने मासे पकडून आणलेत. ते बोटभर, ठिपक्याठिपक्यांचे, दगडाच्या भोकात राहणारे. ब्लेनी म्हणतात त्यांना, हे मी सांगितलं. बिऱ्हाड गावी ठेवून आलेल्या चार माणसांच्या त्या बॅचलर खोलीत खिडकीखाली काचेची टाकी आली. समुद्राचं पाणी तुम्ही पिण्याच्या पाण्याच्या मोठ्या बाटल्यांतून भरून आणायचात आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायचात. युसुफ कुरकुरायचा की आंघोळीच्या बादलीत मासे आहेत. टाकीत तुम्ही प्लास्टिकच्या पाइपाचा वीतभर तुकडा ठेवलात. फिटर माणूस, दुसरं काय ठेवणार! सगळ्यात मोठ्या नराने, डोक्यावर कोंबड्यासारखा तुरा असलेल्याने, ती नळी बळकावली. तुम्ही त्याला राजा म्हणू लागलात.

पहिल्या वर्षी मी दर पंधरा दिवसांनी यायचे. खोलीतले लोक बाहेर जाऊन बसायचे, तुम्ही दार सताड उघडं ठेवायचात आणि कोपऱ्यावरच्या बकाला दुकानातून माझ्यासाठी लबान, इथलं ताक, आणून ठेवायचात. आपण दोघं टाकीसमोर बसायचो. माद्या येतात, नळीच्या आत छताला अंडी चिकटवतात आणि निघून जातात. राजा एकटा राहतो, पंखाने पाणी हलवत अंड्यांना हवा देतो, कोणी जवळ आलं की धावून जातो. मी तुम्हाला सांगितलं की ज्या घरट्यात आधीच अंडी आहेत तेच घरटं पुढच्या मादीला जास्त पसंत पडतं. तुम्ही लगेच म्हणालात, "भरलेल्या हाटेलातच मानूस जेवायला शिरतो." हे वाक्य मी नंतर तीन ठिकाणी वापरलं आणि कुठेही तुमचं नाव घेतलं नाही. तीही कबुली देऊन टाकते.

मग तो तिसरा मासा आला.

तुम्ही मला फोन करून बोलावलंत. म्हणालात, "एक बारका हाय. तुरा नाय, रंग बायलीचा. राजा त्याला मारत नाय. मादी आत अंडी घालायला लागली की हा हलूच नळीच्या तोंडाशी जातो, अंग थरथरवतो आणि भायेर येतो. ताय, मना वाटते हा नर हाय."

मी आले, दहा मिनिटं बघितलं आणि निकाल देऊन मोकळी झाले. "मादी आहे. रंग बघा, पोट बघा. आपला नंबर लागायची वाट बघतेय."

"पन अंडी घालताना दिसली नाय. तीन म्हैने बगतोय."

"अब्बासभाई, मी यात शिकलेय."

"तुमी शिकलाव, मी बगितलाय," तुम्ही म्हणालात. आवाज चढवून नाही, साधेपणानेच. तरीही ते मला लागलं.

ते का लागलं, हे तुमच्याशी कधी बोलले नाही. पुण्यात असताना मी गप्पी माशांवर पीएच.डी. करत होते. मादी कुठल्या रंगाचा नर निवडते, हा विषय. अर्ध्यावर असताना लग्न झालं, शिरीषला इथे नोकरी लागली, आणि मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये माणसांच्या गाठींचे पातळ काप काढायला लागले. काम चांगलं आहे, मला आवडतंही. पण मासे ही माझी एकटीची राहून गेलेली जागा होती, आणि तिथे कोणी पाइप फिटर येऊन मला सांगणार होता! वर सगळ्यात लाजेची गोष्ट ही की असे नर असतात हे मला माहीत होतं. काही जातींत छोटे नर मादीचा वेश घेऊन मोठ्याच्या घरट्यात शिरतात, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. माझ्या गप्पींतसुद्धा काही नर नाचून दाखवायचे आणि काही नाच टाळून मागून जाऊन काम साधायचे. मला तुमच्या टाकीत ते दिसायलाच हवं होतं. मी बघितलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात आपल्या मराठी लोकांच्या शुक्रवारच्या कट्ट्यावर तुम्हाला बोलावलं ते माझ्याच सांगण्यावरून. कोणी गझल म्हणतं, कोणी प्रवासाचे फोटो दाखवतं, तसं अब्बासभाई मासे दाखवतील. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घातला होतात. छोट्या टाकीत राजा, दोन माद्या आणि तो बारका, असे चौघे घेऊन युसुफच्या गाडीतून आलात. तीस-पस्तीस माणसं होती. तुम्ही छान बोललात. सुकतीचं, दगडांचं, नळीचं. मग म्हणालात, "आनि हा बारका. हा दिसतो बायलीसारखा, पन हा नर हाय. राजाच्या घरात शिरतो."

मी खुर्चीवरूनच बोलले. "नाही, अब्बासभाई. ती मादी आहे. तुमचा गैरसमज आहे."

मग मागून एक गृहस्थ म्हणाले, "अहो, भाभी इतकी वर्षं गावाला. नर कुठला, मादी कुठली, विसरायला होतंच!"

सगळे हसले. मीही हसले.

पस्तीस माणसं हसताना आपलं तोंड आपोआप उघडतं, एवढंच. इरा माझ्या शेजारी होती. तिने माझी बाही ओढून विचारलं, "आई, व्हाय इज एव्हरीवन लाफिंग? व्हॉट डिड ही से?" मी तिला गप्प केलं. तुम्ही टाकीवरचा पाण्याचा थेंब रुमालाने पुसलात, मग त्याच रुमालाने चष्मा पुसलात, आणि "बरा, मग झाला माझा," म्हणून टाकी उचललीत. जेवायला थांबला नाहीत. इतकी वर्षं बॅचलर खोलीत काढणाऱ्या माणसाला, ज्याच्या पगारात फॅमिली व्हिसा कधी बसला नाही, त्याला त्या वाक्याने काय झालं असेल, हे मला घरी पोचेपर्यंत कळलं होतं. तरीही फोन केला नाही.

चार महिन्यांनी तुम्हीच आलात. दारात उभे, हातात स्टीलचा डबा, डब्यात बर्फ आणि बर्फात तो बारका. मेला होता. आत या म्हटलं तर आला नाहीत.

"तुमच्या दवाखान्यात मशीन हायत. कापून बगा. मी खोटा ठरलो तर ठरलो. खरा काय ते मना पायजे."

आमच्या मोठ्या डॉक्टरांना विचारून मी ड्यूटी संपल्यावर तो मासा कापला. पोट उघडल्याबरोबर सूक्ष्मदर्शकाची गरज उरली नाही. अंडाशय नव्हतंच. होतं ते पांढरं, भरलेलं वृषण, आणि एवढ्याशा देहाच्या मानाने केवढं मोठं! राजाकडे तुरा होता, ताकद होती, घर होतं. या बारक्याने सगळं त्या एका अवयवात घातलेलं. मादीने घातलेल्या अंड्यांवर शुक्राणू सोडायला त्याला घरट्याच्या तोंडाशी काही क्षण मिळायचे, आणि तेवढ्यात काम व्हायला ते भरपूर हवेत. तरीही मी रीतसर काप काढले, रंगवले, भिंगाखाली धरले. शुक्राणूंचे गच्च पुंजके. तुम्ही तीन महिने खिडकीखाली बसून जे बघितलंत ते शब्दन्‌शब्द खरं होतं.

मला वाटलं, आत्ता फोन करावा. मग वाटलं, शुक्रवारी करू.

तुम्ही विचारलंत, "बगितलात काय, ताय?" मी म्हटलं, "अजून नाही हो, कामं फार आहेत." पुढच्या महिन्यात विचारलंत. मी म्हटलं, "मशीन बिघडलंय." त्याच्या पुढच्या वेळी विचारलंत तेव्हा तुमचा आवाज बदलला होता. म्हणालात, "असू द्या. सवड झाली की बगा." त्यानंतर विचारलं नाहीत. दहा महिने ती स्लाइड माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी ती कोणाला दाखवली नाही, तोडलीही नाही. लॅबमध्ये दुसऱ्या कोणाच्या गाठीचा निकाल एक दिवस उशिरा गेला तर मी अस्वस्थ होणारी बाई!

तुमच्या पोटातल्या गाठीची बातमी मला युसुफकडून कळली. दहा महिन्यांत मला पहिल्यांदा भीती वाटली, ती तुमच्यासाठी आणि त्याहून जास्त स्वतःसाठी. लपवत नाही. मी स्लाइडचा फोटो घेऊन हॉस्पिटलात आले. जुबेदाभाभी व्हिजिट व्हिसावर आल्या होत्या, तुमच्या उशाशी सफरचंद कापत होत्या. मी त्यांना पहिल्यांदा बघत होते. खुर्चीवर बसायच्या आधीच सांगून टाकलं, कारण बसले असते तर हवापाण्याच्या गप्पा सुरू झाल्या असत्या.

"अब्बासभाई, तो नर होता."

तुम्ही फोटो हातात घेतलात. लांब धरून, जवळ धरून बघितलात. "कवा कापलात?"

"दहा महिने झाले."

"दहा म्हैने." तुम्ही फोन पालथा करून चादरीवर ठेवलात. "दहा म्हैने तुमी मना येडा ठेवलात."

मी माफी मागितली. तुम्ही भिंतीकडे तोंड केलंत. मला वाटलं होतं तुम्ही हसाल, 'जाऊ दे ताय' म्हणाल, आजारी माणसं म्हणतात तसं. तुम्ही रागावलात, आणि खरं सांगते, त्या रागानेच मला धीर आला. भाभींनी माझ्या हातात सफरचंदाची फोड ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "बसा. त्यांचा राग लांबचा नसतो." मी बसले, फोड खाल्ली, भाभींनी दुसरी दिली. मग भिंतीकडे तोंड ठेवूनच तुम्ही म्हणालात, "मना सांगून काय उपयोग? मना ठाऊकच होता. जिथे हसले तिथे सांगा."

हॉस्पिटलने तुम्हाला घरी सोडलं, अबू हलीफात भाभींसाठी एका खोलीचा फ्लॅट घेतला गेला, तिथे. त्यानंतरच्या कट्ट्यावर तुम्ही युसुफच्या खांद्याला धरून आलात. शर्ट खांद्यावरून ओघळत होता. भाभी पुढच्या रांगेत बसल्या, डोक्यावरून पदर घेऊन. मी कागद लिहून आणला होता, कारण न बघता बोलले असते तर पळवाट शोधली असती.

मी सांगितलं की माद्या तुरा बघतात, घर बघतात, म्हणून मोठे नर तसे झाले. पण घरं थोडी आणि नर फार, अशा ठिकाणी सगळ्यांना ती शर्यत जमत नाही. त्यातले काही मादीचं रूप घेऊन दुसऱ्या वाटेने जातात. ही वाट हजारो पिढ्या टिकून आहे, म्हणजे ती आजार नाही, बिघाडही नाही. भिंतीवर स्लाइडचा फोटो लावला. म्हणाले, "हे अब्बासभाईंनी ओळखलं होतं. मी या विषयात शिकलेली असून चुकले. चूक कळल्यावर दहा महिने लपवली. आणि त्या दिवशी त्यांच्यावर हसले." गेल्या वेळी मागून बोललेले ते गृहस्थ फोनमध्ये बघत होते. तुम्ही त्यांच्याकडे एकदाही बघितलं नाहीत. तुम्हाला त्यांच्याकडून काही नको होतं. माझ्याकडूनच हवं होतं.

मी पुढचं वाचायला घेतलं. "अशा नराला चोरटा नर म्हणतात. तो..."

"चोर नाय," तुम्ही उठलात. युसुफ धरायला धावला. "चोर म्हनू नका. कोनाचा काय घेतला त्याने? तो वयाने बारका हाय. घर नाय त्याला. टाकीत एकच नली ठेवली ती मी. चूक माझी."

"पुस्तकात तसंच म्हणतात, अब्बासभाई."

"पुस्तकवाल्याला सांगा, येऊन बगा. मी दोन वरसं बगतोय. ह्याच्या नंतरचा एक बारका होता, तो मोठा झाला, त्याला तुरा फुटला, दुसऱ्या टाकीत त्याने सोताची नली घेतली. चोर काय मोठा होऊन राजा होतो?"

कोणीतरी म्हणालं, "होतो की!" आणि सगळे हसले, तुम्हीसुद्धा, पोट धरून, कळ आली म्हणून आणि हसू आलं म्हणूनही. मग तुम्ही बसलातच नाहीत. अर्धा तास बोललात. दोनदा जेवण गार होतंय म्हणून सांगितलं गेलं, तरी बोललात. मी कागदाची घडी घालून खाली बसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

पुढचे तीन-साडेतीन महिने आपल्याला मिळाले, हे माझ्या वाट्याला आलेलं दान समजते. टाकी भाभींच्या फ्लॅटवर आली. मी आठवड्यातून दोनदा यायचे आणि आपण भांडायचो. चोर नाही तर काय म्हणायचं? मी 'गुपचूप नर' सुचवला, तुम्ही नाक मुरडलंत. 'उमेदवार' तुम्ही सुचवलात, मी म्हटलं सगळेच मोठे होऊन घर घेत नाहीत, काही जातींत बारका जन्मभर बारकाच राहतो. "मग त्यांना दुसरा नाव द्या," तुम्ही म्हणालात. भाभी आतून ओरडायच्या, "मेधाताय, त्यांना जेवू द्या!" आपला शब्द काही ठरला नाही.

दुसरा वाद राजाचा. मी म्हणायचे, राजा फसतो. त्या अंड्यांतली काही बारक्याची असतात, आणि ओळखायची सोय नसल्यामुळे तो सगळीच सांभाळतो. तुम्ही मान हलवायचात. "फसत नाय. राखतो."

"त्याला कळत असतं तर त्याने ती खाऊन टाकली असती. पुष्कळ मासे खातात."

"कलते त्याला. कलून राखतो."

"पुरावा काय?"

तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. "पुरावा द्यायची वस्तू नाय ती, ताय." आणि डोळे मिटलेत. मला वाटलं, औषधाची गुंगी. मी विषय सोडला.

गुरुवारी संध्याकाळी तुमचा मोठा मुलगा अल्ताफ मस्कतहून पोचला. सुलैबिखातच्या कब्रस्तानात पुरुष गेले. मी भाभींजवळ थांबले. त्या फार रडल्या नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर मला माझ्यासारखंच काहीतरी दिसलं, आणि त्यांनीही माझ्या चेहऱ्यावर ते बघितलं असावं. म्हणाल्या, "सुटले हो. शेवटले म्हैने माझ्याजवल होते. लग्नाला इतकी वरसं झाली, सलग एवढे दिवस कधी मिलाले नव्हते."

माशांचं काय करायचं, हा प्रश्न रविवारी आला. भाभी गावी परतणार, युसुफच्या नव्या खोलीत जागा नाही. अल्ताफ म्हणाला, इथल्याच समुद्राचे आहेत, सोडून देऊ. मला टाकी घरी न्यावीशी वाटत होती, पण मुलगा तो होता, मी बादल्या काढल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बादल्या घेऊन आम्ही अबू हलीफाच्या दगडांवर गेलो. ऊन चढायला लागलं होतं. माद्या पटकन गेल्या. बारके दगडाखाली शिरले. राजाला नळीसकट खाली धरावं लागलं, तो बाहेरच येईना, नळीत अंडी होती. अल्ताफने नळी दगडांच्या फटीत घट्ट बसवली आणि वरून एक दगड ठेवला. हात तुमच्यासारखेच चालत होते, फिटरचे. मी म्हटलं, "तुझ्या अब्बांकडून आलंय हे."

"त्यांनीच शिकवलं," तो म्हणाला. मग हात धुता धुता, जसं कोणी घराचा पत्ता सांगावा तसं म्हणाला, "मी दोन वर्षांचा होतो, त्यांनी अम्मीशी निकाह केला तेव्हा. माझे पहिले वालिद बोटीवर गेले होते, परत आले नाहीत. अब्बांनी सावत्र हा शब्द कधी घरात येऊ दिला नाही. गावात कोणी काढला तर भांडण व्हायचं."

मी दगडावर बसले.

अब्बासभाई, तुम्हाला सांगायची राहिलेली एकच गोष्ट आहे, ती ही. कट्ट्यावर मी जो कागद नेला होता, त्यात चोरट्या नराच्या पुढे एक ओळ होती. वातावरण फार गंभीर झालंय, लोकांना जरा हसवावं म्हणून मुद्दाम घातलेली. "आणि आपला राजा? बिचारा लोकांची पोरं वाढवत बसतो!" तोंडावर आली होती. भाभी पहिल्या रांगेत होत्या. तुम्ही चोर शब्दावरून उठलात, वाद काढलात, बोलत सुटलात, आणि माझा कागद वाचायचा राहिला. तुम्हाला माहीत नव्हतं तुम्ही मला कशापासून वाचवताय. एकदा हसून मी तुम्हाला दुखावलं होतं, दुसऱ्यांदा हसवून दुखावलं असतं, आणि त्याची माफी मागायला कोणतीही स्लाइड उपयोगी पडली नसती.

अल्ताफने विचारलं, "ऊन लागलं का, ताई? पाणी देऊ?"

"नको. बरं वाटतंय."

"अब्बा फोनवर सांगायचे, तुमचं राजावरून भांडण चालू आहे. काय म्हणणं होतं तुमचं?"

मी म्हटलं, "माझं जाऊ दे. तुझे अब्बा म्हणायचे की राजाला सगळं कळतं, आणि कळूनच तो राखतो."

त्याने रिकाम्या बादल्या एकात एक घातल्या. "बरोबर आहे," तो म्हणाला.

मी पुरावा मागितला नाही.